समुद्राच्या तळाशी एक हरकत

घर विकत घ्यावं की भाड्याने राहावं, या प्रश्नाला एक बरोबर उत्तर असतं आणि ते मोजून काढता येतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मी मृदाशास्त्रातली पदवीधर आहे. ओंजळभर माती हातात दिलीत तर तिच्यात वाळू किती आणि चिकणमाती किती, हे मी बोटांनी चोळून बऱ्यापैकी सांगू शकते. त्या मानाने घर ही ढोबळ गोष्ट. तिला खिडक्या असतात.

प्रश्न आला तो आमच्या घरमालकीणबाईंच्या एका अत्यंत सुसंस्कृत ईमेलमधून. मी आणि माझा नवरा ओमकार युट्रेख्ट या डच शहरात दुसऱ्या मजल्यावर मुदतीच्या करारावर राहत होतो. २०२१चा जानेवारी होता. कोरोनामुळे ओमकारचं ऑफिस स्वयंपाकघरात भरत होतं आणि माझं पलंगावर. बाईंनी लिहिलं होतं की घरांच्या किमती आता इतक्या वाढल्या आहेत की हे घर न विकणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटतं, सबब सप्टेंबरअखेर करार संपला की तो वाढवता येणार नाही. खाली एक हसरा सूर्य काढला होता.

"आपण शास्त्रशुद्ध पद्धतीने ठरवू," मी म्हणाले.

"म्हणजे एक्सेल," ओमकार म्हणाला. लग्नाला तीन वर्षं झाली की नवऱ्याला बायकोच्या नुसत्या स्वरावरून फाइलचा प्रकार कळतो.

मी तीन रकाने आखले. एक भाडं, दुसरा हायपोथेक, म्हणजे इथलं गृहकर्ज, आणि तिसरा 'इतर'. इतरमध्ये घालायला काहीच नव्हतं, पण दोनच रकान्यांची तुलना मला प्रयोग न वाटता भांडण वाटते.

मग सल्ले सुरू झाले. उइटहॉर्नला मोहनदादा राहतात. नव्या मराठी जोडप्यांना दिशा दाखवणं ही आपली नेमणूक आहे असं ते धरून चालतात, आणि ती कोणी केली हे विचारायची आजवर कोणाची छाती झालेली नाही. घरात दिवसाला एकच पाहुणा, असा तेव्हा सरकारी नियम होता. त्यामुळे मी आत सोफ्यावर आणि ओमकार बाहेर बागेत, अर्धवट उघड्या खिडकीशी, जानेवारीच्या वाऱ्यात. पूर्णिमावहिनींनी त्याला खिडकीतून पोहे दिले.

"अगं गुंजन, भाडं म्हणजे दुसऱ्याचं कर्ज आपण फेडायचं!" मोहनदादा म्हणाले.

"आणि हायपोथेक म्हणजे?"

"आपलं आपण फेडायचं."

"म्हणजे फेडायचं आहेच."

"अगं, पण त्या फेडण्यात अभिमान आहे!"

"अभिमान आहे म्हणूनच न्हाणीघराचं छत गळतं ते सांगत नाहीत," वहिनी खिडकीतूनच म्हणाल्या. "ओमकार, शेव घेतलीस का रे?"

ओमकारने काहीतरी उत्तर दिलं. ते वाऱ्याबरोबर शेजारच्या आम्स्टलफेन गावाच्या दिशेला गेलं.

आम्ही अभिमानाच्या मार्गाला लागलो. इथे घर दाखवणाऱ्या दलालाला माकेलार म्हणतात. त्या वर्षी माकेलार लोक घर दाखवायला दहा मिनिटं देत होते. दारात हात धुवायचं औषध, बुटांवर निळ्या पिशव्या, तोंडावर मास्क. आमच्या आधीचं जोडपं बाहेर पडताना आमच्याकडे असं बघे, की जणू आम्ही त्यांच्या अंथरुणात झोपायला आलो आहोत. जाहिरातीत लिहिलेली किंमत ही किंमत नसते, ती मैफलीआधीची तंबोऱ्याची जुळवाजुळव असते, हे आम्हाला दोन घरं हरल्यावर कळलं. तिसऱ्या घराला आम्ही बँक जेवढं देईल तेवढं सगळं लावलं. तेही गेलं. "ज्यांना मिळालं त्यांनी घर आतून पाहिलंही नव्हतं," माकेलार कौतुकाने म्हणाला. मी त्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीतली ओल मोजून आले होते. आयुष्यात प्रथमच मला अभ्यास करून परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं.

भाड्याचीही तीच तऱ्हा. परवडणाऱ्या घरासाठी आम्ही रांगेत होतो, एवढंच एजन्सी सांगे. रांगेचं दुसरं टोक कुठे आहे हे त्यांनाही माहीत नसावं.

आणि मग एका शनिवारी ओमकार सुपरमार्केटमधून दूध विसरून आणि एक फोटो घेऊन आला. तिथल्या फळ्यावर, एका हरवलेल्या मांजराशेजारी, कागद लावलेला होता. आल्मेरेला काही कुटुंबं मिळून एका मोठ्या अंगणाभोवती घरं बांधणार होती. त्यांनी एक संस्था काढली होती. जमीन संस्थेची. घराचा निम्म्याहून जास्त हिस्सा तुमचा, उरलेला संस्थेचा. घर सोडायचं झालं तर ते संस्थेलाच परत विकायचं. किंमत वाढली असेल तर फायदा वाटून घ्यायचा, पडली असेल तर तोटाही वाटून घ्यायचा. एक जोडपं गळलं होतं आणि एक घर रिकामं होतं.

माझा 'इतर' रकाना थरथरला.

संध्याकाळी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. माझे बाबा सांगलीच्या स्नेहबंध सहकारी गृहनिर्माण संस्थेचे पंचवीस वर्षं सेक्रेटरी आहेत. संस्थेत स्नेह शिल्लक नाही, पण बंध भरपूर आहेत. पाण्याची टाकी, गच्चीची किल्ली आणि जिन्यातल्या चपला या तीन विषयांवर बाबांनी घेतलेल्या सभांची इतिवृत्तं एकावर एक रचली तर चौथा मजला होईल.

बाबांनी योजना शांतपणे ऐकली. "फायदा वाटून घेणारे पाहिलेत," ते म्हणाले. "तोटा वाटून घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गुंजू, तिथे नक्की काहीतरी गोम आहे."

"बाबा, मंगळवारी त्यांची झूमवर सभा आहे. आम्हाला बोलावलंय. त्यांना आम्ही पसंत पडलो तर घेतील."

"सभा?" बाबा खुर्चीत सरळ झाले. "मग ऐक. पहिल्याच सभेत एक हरकत नोंदवायची. कसलीही. आवाज चढवायचा नाही, पण नोंदवायची. पहिल्या सभेत गप्प बसणाऱ्याला पुढे कोणी चहासुद्धा विचारत नाही. आणि मी फोनवर असेन. नुसता ऐकेन."

"बाबा, तुम्हाला डच कळत नाही."

"सभा कळते," बाबा म्हणाले.

मंगळवारी मी लॅपटॉपसमोर आणि बाबा फोनमधून लोणच्याच्या बरणीला टेकून, अशी आमची बैठक मांडली गेली. ओमकार माझ्या शेजारी वरून शर्ट आणि खालून पायजमा घालून बसला. सभा सातला होती. सातला सगळे पडद्यावर होते. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि ते खोटं असावं म्हणून भिंतीवरचंही पाहिलं. स्नेहबंधमध्ये गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून तीच पुन्हा सुरू करायची, असा रिवाजच आहे. त्या अर्ध्या तासात वडे येतात.

टीनेके नावाच्या साठीतल्या बाई सभा चालवत होत्या. आमच्यासाठी सगळे इंग्रजीत बोलत होते. टीनेकेंनी पद्धत समजावली. इथे मतदान नाही, बहुमत नाही. प्रस्ताव मांडायचा आणि एकेकाला विचारायचं, हरकत आहे का? कोणाचीच नसली तर निर्णय झाला. "तुम्ही उमेदवार आहात," त्या आम्हाला म्हणाल्या, "पण ज्यांना उद्या इथे राहायचं आहे, त्यांना आजच विचारायला नको का? म्हणून तुम्हालाही विचारू."

त्या दिवशीचा प्रस्ताव होता अंगणाच्या मधोमध सामायिक भाजीबाग करण्याचा. तो एकदा ठरला की संपूर्ण नकाशा बिल्डरकडे जाणार होता. प्रत्येकजण 'हरकत नाही' म्हणत गेला. माझा नंबर जवळ आला तशी बरणीकडून एक खोकला आला.

मला पटकन सुचलं ते मातीबद्दल सुचलं. "माझी एक हरकत आहे," मी म्हणाले. "भाजीबागेच्या जागी जमिनीखाली काय आहे, हे कोणी पाहिलंय का?"

बाबांच्या अनुभवाप्रमाणे आता कोणीतरी "तुम्ही कोण विचारणारे?" म्हणायला हवं होतं, मग दुसऱ्याने पहिल्याची थकबाकी काढायला हवी होती आणि त्या गडबडीत माझं वजन वाढून विषय पुढे सरकायला हवा होता. तसं काही झालं नाही. पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतले चेहरे एकदम काळजीत पडले. कोणीतरी पेन शोधलं.

"धन्यवाद," टीनेके म्हणाल्या. त्या खरोखरच धन्यवाद देत होत्या. "घरांखालच्या पायाची तपासणी झाली आहे. बागेचा विचार कोणीच केला नव्हता. निर्णय थांबला."

"किती वेळ?" ओमकारने विचारलं.

"हरकत सुटेपर्यंत."

नकाशा थांबला म्हणजे बिल्डर थांबला. बिल्डरचा भाव एप्रिलच्या मध्यापर्यंतच टिकणार होता, हे मला त्यानंतर कळलं. थोडक्यात, ज्या घरात शिरण्यासाठी मी धडपडत होते, ते घर बांधणं मी ओळख करून घेण्याच्या कार्यक्रमातच बंद पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी टीनेकेंना फोन केला. "मी हरकत मागे घेते. ती तशी मनापासून नव्हती."

"पण ती बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. पण..."

"मग ती आता तुमची एकटीची राहिली नाही, आमचीही झाली. एकट्याने कशी मागे घेणार?" त्या समजुतीने म्हणाल्या. "आम्ही एक कार्यगट नेमलाय. तुम्ही त्याच्या प्रमुख आहात."

मी बाबांना सांगितलं. ते चक्रावले. पंचवीस वर्षांत त्यांच्याकडे नोंदवल्या गेलेल्या हरकतींपैकी एकीचंही पुढे काय झालं, असं कोणी विचारलेलं नव्हतं. त्या नोंदवल्या जात. तेवढ्यासाठीच त्या असत.

मार्चमध्ये मी आमच्या प्रयोगशाळेतून मातीचं गिरमिट उसनं आणलं. हा एक लांब लोखंडी दांडा असतो. त्याला खाली पन्हळीसारखं पातं आणि वर आडवी मूठ. तो फिरवत जमिनीत घालायचा, ओढून काढायचा आणि पन्हळीत आलेली माती बघायची. बाहेर दोघांपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे सगळी संस्था एकदम येणं शक्य नव्हतं. टीनेकेंनी पाळ्या लावल्या. मी दिवसभर खड्ड्यापाशी उभी आणि दर पाळीला एक भावी शेजारी, दीड मीटर अंतरावर, स्वतःचा थर्मास घेऊन. ओमकारला नियमाप्रमाणे लांब गाडीत बसावं लागलं. तिथून तो अंगठा दाखवत होता.

पहिल्या पाळीला सियर्ड आले. ते निवृत्त शिक्षक, उंच, मितभाषी, डोळ्यांत वाऱ्याचं पाणी. मी गिरमिट फिरवलं आणि पहिली पन्हळ उघडली. राखाडी, लोण्यासारखी चिकणमाती. तिच्यात पांढरं काहीतरी चमकलं. मी नखाने सोडवलं.

शिंपला होता. अखंड, दोन्ही झाकणं मिटलेली.

मला हे माहीत होतं. मी परीक्षेत लिहिलं होतं की हा सगळा भाग समुद्राचा तळ आहे, की बांध घालून, पाणी उपसून १९६८ साली तो कोरडा केला. पण उत्तरपत्रिकेत लिहिणं वेगळं आणि जी जागा आपल्या स्वयंपाकघरातून दिसणार आहे तिथून शिंपला काढणं वेगळं. माझ्या बाबांची मुंज झाली तेव्हा इथे मासे होते.

त्याखाली तपकिरी गाळ निघाला, जुन्या तळ्याचा. त्याखाली काळं, तंतुमय पीट, म्हणजे कुजलेली दलदल. त्यात बोटाएवढी एक डहाळी, अजून साल असलेली. मी गिरमिटाला लांबी वाढवायची शेवटची दांडी जोडली आणि खालून फिकट, स्वच्छ वाळू वर आली. ती हिमयुगातल्या वाऱ्याने आणून टाकलेली. मी सगळे तुकडे गवतावर ओळीने मांडले. समुद्र, तळं, दलदल, वारा. सियर्ड टोपी काढून उभे होते. त्या ओळीसमोर माझ्या तीन रकान्यांचा मला फार संकोच वाटला.

दिवसभर एकेक शेजारी येत गेला आणि प्रत्येकासाठी मी ती ओळ पहिल्यापासून सांगत गेले. एक बाई रडल्या. एका तरुण बापाने कडेवरच्या बाळाला शिंपला दाखवला. बाळाने तो खायचा प्रयत्न केला. शेवटच्या पाळीला टीनेके आल्या, आणि माझ्या फोनमधून बाबाही आले.

"हा समुद्राचा तळ?" बाबा ओरडले. "आणि तू तिथे घर घेणार?"

"अगं, दमट असेल ना ती जमीन?" मागून आई म्हणाली. "गुडघे धरतील तुझे."

"गुंजू, त्या बाईंना विचार. पाणी उपसायला पंप असणार. पंप बंद पडला तर? आमच्याकडे पंप बंद पडला की तीन दिवस मेस्त्री मिळत नाही आणि किल्ली तळमजल्यावाल्याकडे असते. तो गावाला जातो."

मी विचारलं. टीनेके हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की पाण्यासाठी इथे वेगळं मंडळ असतं. ते निवडणुकीने निवडतात, त्याचा वेगळा कर असतो, आणि अशी मंडळं या देशात राजांच्याही आधीपासून आहेत. पंप रात्रंदिवस कुठे ना कुठे चालूच असतात. शेजाऱ्याशी भांडण असलं तरी बांध दोघांनी मिळूनच सांभाळायचा, कारण पाणी कोणाची बाजू घेत नाही.

मी हे सगळं मराठीत सांगितलं. पडद्यावर बाबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हणजे अख्खा देशच सोसायटी आहे," ते शेवटी म्हणाले.

"हो बाबा."

"थकबाकीदार?"

टीनेकेंनी खांदे उडवले. "असतील. त्यांच्यासाठी पंप थांबवता येत नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. देवळातून बाहेर आल्यावर ते असा पुसतात.

तपासणीचा निकाल चांगला आला. मीठ केव्हाच धुऊन गेलं होतं, माती सुपीक होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सभा झाली, भाजीबाग मंजूर झाली आणि नकाशा वेळेत बिल्डरकडे गेला. मग टीनेकेंनी पुढचा प्रस्ताव वाचला: गुंजन आणि ओमकार यांना सभासद करून घेणे. मी टेबलाखाली ओमकारचा हात धरला. बँकेने आमच्या हिश्श्यापुरतं कर्ज द्यायचं कबूल केलं होतं. हे घर गेलं तर सप्टेंबरनंतर आम्ही कुठे असू, याला एकाही रकान्यात उत्तर नव्हतं.

हरकत नाही. हरकत नाही. बाळाचा बाप, हरकत नाही. मग सियर्ड.

"माझी हरकत आहे," सियर्ड म्हणाले.

ज्या माणसाने माझ्या वाळूसमोर टोपी काढली होती! मला वाटलं, गोम ती हीच. बरणीकडून बाबांनी विचारलं, "काय झालं? तुझा चेहरा असा का झाला?" मी हातानेच 'थांबा' म्हटलं. अपमान गिळताना माणसाला दोन सभा एकदम सांभाळता येत नाहीत.

"घरं बांधून व्हायला दीड वर्ष लागेल," सियर्ड सावकाश म्हणाले. "यांचा करार सप्टेंबरला संपतो. हे मला ओमकारने पार्किंगमध्ये सांगितलं. मधल्या काळात हे कुठे राहणार? ज्यांना राहायला जागा नाही अशांना सभासद करून आपण झोपायला जायचं, हे मला मंजूर नाही. हे सोडवल्याशिवाय निर्णय होऊ नये."

पुन्हा सगळ्या चौकोनांत काळजी, पुन्हा कोणीतरी पेन शोधतंय. पण या वेळी ती काळजी आमच्यासाठी होती.

"तुमच्याकडे काही उपाय आहे का, सियर्ड?" टीनेकेंनी विचारलं.

"माझ्या आत्ताच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. आल्मेरेतच आहे. नवं घर होईपर्यंत यांनी तिथे राहावं. भाडं रास्त घेईन. फुकट राहा म्हटलं तर हे येणार नाहीत, असं मला वाटतं."

मला काहीतरी समर्पक बोलायचं होतं. मी इंग्रजीत सुरुवात केली, डचमध्ये गेले आणि शेवट मराठीत झाला. कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. फेरी पुढे सरकली, पूर्ण झाली आणि आम्ही सभासद झालो. सभा आठच्या ठोक्याला संपली.

बाबांना मी सगळं समजावून सांगितलं. "आपल्या माणसासाठी आपल्याच माणसावर हरकत?" एवढंच ते म्हणाले. पुढच्या रविवारी स्नेहबंधच्या सभेत त्यांनी एकेकाला विचारायची पद्धत करून पाहिली. पहिल्या मजल्यावरच्या शोभाताई आणि विनयराव यांच्याच हरकती अंधार पडेपर्यंत चालल्या. टाकी अजून साफ झालेली नाही. पण शोभाताई जाताना म्हणाल्या म्हणे, की इतक्या वर्षांत आपल्याला पूर्ण बोलू दिलं ते पहिल्यांदाच.

मोहनदादांना मी फोनवर निकाल कळवला. "म्हणजे नक्की काय घेतलंस?" त्यांनी विचारलं. मी हिशेब सांगितला: सियर्डच्या वरच्या मजल्यावर भाडं, बँकेचं हायपोथेक आणि संस्थेत हिस्सा. तीन पर्यायांपैकी एक निवडायला मी बसले होते आणि तिन्ही घेऊन उठले होते. दादा म्हणाले, "अगं, कुठलं चूक होतं ते आता कळणारच नाही!" शास्त्राच्या दृष्टीने त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

एप्रिलच्या शेवटी आम्ही प्लॉटवर गेलो. खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या होत्या. ओमकार दोरीवरून उडी मारून आत गेला, पुन्हा बाहेर आला आणि दार जिथे येणार होतं तिथून रीतसर आत शिरला. मी त्याच्यामागून गेले. वारा मंदावला होता. पलीकडे बांध होता, हिरवा, सरळ.

आणि बांधाच्या कडेवरून एक पांढरं शीड हळूहळू सरकू लागलं. होडी दिसत नव्हती. ती पाण्यावर होती आणि पाणी आमच्या डोक्यापेक्षा वर होतं. जिथे छताची आडवी तुळई येणार होती त्याहून उंचावरून ते शीड गेलं, कसलाही आवाज न करता. आम्ही माना वर करून बघत राहिलो.

"आपण वरच्या मजल्यावर झोपू," ओमकार दबक्या आवाजात म्हणाला.

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. "वरचा मजलाही खालीच आहे," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली, आणि शीड दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं आमच्या घरात उभे होतो.